चाल तुमची, टोमणा आमचा

निवडणूक लागली की कोल्हापुरात प्रचाराच्या रिक्षा सुटतात. टपावर दोन कर्णे, मागे उमेदवाराचा हात जोडलेला फ्लेक्स आणि आत पेनड्राइव्हवर एक गाणं. चाल त्या वर्षी सगळ्यात गाजलेल्या गाण्याची. शब्द मात्र प्रभागातल्या गटारीचे, चार दिवसांआड येणाऱ्या पाण्याचे आणि विरोधकानं पाच वर्षांत काय केलं नाही त्याचे. रिक्षा गल्लीत वळली की पोरं मागं लागतात, दारात भाजी निवडत बसलेल्या बाया हसतात. संध्याकाळपर्यंत विरोधी गटाची पोरंही तेच गुणगुणत असतात, कारण चाल मुळात त्यांच्याही तोंडात बसलेली. आता हे गाणं लिहिलं कुणी, असं कुणालाही विचारून बघा. उमेदवाराचं नाव कळेल, रिक्षा कुणाची तेही कळेल. लिहिणाऱ्याचं नाव सांगणारा भेटला तर नशीब.

विडंबनगीतावर मराठी माणसाचा जीव आहे. कोल्हापूरकराचा तर जरा जास्तच. फिरकी घेतल्याशिवाय इथं गप्पा पुढं सरकत नाहीत. पण हा जीव गाण्यावर आहे, गाणं रचणाऱ्यावर नाही. गझल गाणाऱ्याचे चाहते आहेत, लावणीसम्राज्ञीचे आहेत, कव्वालाचेही आहेत. फक्त दुसऱ्यांच्या चालीवर हसवणारी गाणी रचतो म्हणून ज्याच्या नावावर नाट्यगृह भरावं, असा विडंबनकार मराठीत का उभा राहिला नाही?

असा माणूस जगात कुठंच झाला नसता तर प्रश्न इथंच मिटला असता. पण अमेरिकेत ‘विअर्ड अल’ यांकोविक आहे. हा गृहस्थ ॲकॉर्डियन घेऊन १९७९ पासून हाच उद्योग करतो. मायकेल जॅक्सनच्या, भांडण सोडून निघून जा म्हणणाऱ्या गाण्याचं त्यानं १९८४ मध्ये ‘जेवून घे’ असं पोराला दटावणारं गाणं केलं आणि जगभर त्याचं नाव झालं. २०१४ मध्ये त्याचा ‘मँडेटरी फन’ हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिला आला. विनोदी गाण्यांच्या अल्बमला तो मान १९६३ नंतर प्रथमच मिळत होता. २०१८ मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर त्याच्या नावाचा तारा बसला, आणि त्यासाठी लागणारे पैसे चाहत्यांनी वर्गणी काढून उभे केले. वर्गणी कशी काढायची हे कोल्हापूरच्या तालमींना कुणी शिकवायला नको. पण विडंबनकारासाठी पावतीपुस्तक छापल्याचं ऐकिवात नाही.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं: आपल्याकडं हे हलकं काम मानतात. मला ते पटत नाही. संत एकनाथांनी भारुडात वेड्याबागड्यांची, जोशी-गोंधळ्यांची सोंगं घेऊन परमार्थ सांगितला आणि त्याला कुणी हलकं म्हटलं नाही. गेल्या शतकात तर मराठीतल्या सगळ्यात दांडग्या माणसांपैकी एकानं विडंबनापासूनच सुरुवात केली. १९२५ मध्ये प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावानं ‘झेंडूची फुलं’ काढलं. रोख होता पुण्याच्या रविकिरण मंडळावर. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली ठळक नावं. या कवींनी कविता नुसती छापली नाही, ती लोकांसमोर गायली; काव्यगायनाची लाटच आली. त्यामुळं अत्र्यांची थट्टाही छापील पानावर अडकून पडली नाही, तीही चालीवर म्हणता येत होती. वृत्त तेच, हुंदका तोच, आळवणीचा सूरही तोच. फक्त आळवायचं ते परिटाला. श्रोत्याला मूळ कविता गळ्यातून ऐकून पाठ असल्यावर नक्कल पहिल्या ओळीलाच पकडता येते, आणि हसू तिथूनच सुरू होतं.

यात कोल्हापूरचा एक धागा आहे. तो फारसा कुणी ओढत नाही. माधव ज्यूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन. आयुष्याची अखेरची वर्षं ते राजाराम कॉलेजात शिकवत होते. १९३९ मध्ये वारले. त्यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ १९२७ चा, पुढं वाढवून १९३७ मध्ये पुन्हा निघाला आणि त्यावर मुंबई विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. कुठल्या वृत्तात किती मात्रा, यती कुठं, लघू कुठं चालतो, गुरू कुठं अडतो, हे सगळं त्यात शिस्तीनं मांडलेलं. दुसऱ्याच्या चालीत आपले शब्द बसवणाऱ्याला याहून कामाचं पुस्तक मराठीत नाही, आणि ते लिहिलं कुणी, तर ज्यांच्या मंडळाची अत्र्यांनी यथेच्छ टोपी उडवली त्यांनी.

मात्रांचं हे प्रकरण प्रचाराच्या गाण्यालाही सुटलेलं नाही. स्टुडिओ म्हणजे बहुतेक वेळा एक खोली, भिंतीला फोम, एक माइक आणि कॉम्प्युटरवर मूळ गाण्याचा गायक काढून टाकलेला ट्रॅक. कार्यकर्त्याचा आग्रह असतो की धृपदात साहेबांचं पूर्ण नाव, आडनाव, जमलं तर वडिलांचंही यावं. ते चालीत कोंबलं की गाणाऱ्याचा श्वास अडकतो आणि ठेका पुढं पळतो. मुरलेला रचणारा वाद घालत नाही. नाव अंतऱ्यात ढकलतो आणि धृपदात निशाणी घेतो. शिट्टी चार मात्रांत बसते, कपबशीला पाच लागतात, म्हणजे कपबशीसाठी एखादा ‘च’ किंवा ‘ही’ गाळावा लागतो. ‘छंदोरचना’ न वाचता ही मंडळी ती रोज जगत असतात. शिवाय नियमाप्रमाणे असं गाणं वाजवण्याआधी जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण समितीची मोहोर लागते; तिथं एखादा टोमणा कापला गेला तर पुन्हा मात्रा जुळवणं आलंच. या कारागिरीला हलकी म्हणणाऱ्यानं एकदा दोन ओळी बसवून दाखवाव्यात.

अत्रे आणि कोल्हापूर यांची गाठ पुढं सिनेमात पडली. मास्टर विनायक कोल्हापूरचे, आणि बाबूराव पेंढारकर व पांडुरंग नाईक यांच्याबरोबर त्यांनी काढलेली ‘हंस पिक्चर्स’ही कोल्हापूरची. १९३८ मध्ये ‘हंस’नं अत्र्यांच्या लेखणीतून ‘ब्रह्मचारी’ काढला. भाषण ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेणारा औदुंबर आणि त्याची शपथ हाणून पाडणारी किशोरी. मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात म्हटलेल्या त्यातल्या गाण्यानं तेव्हा केवढी खळबळ उडाली, ते सगळेच सांगतात. पोशाखाच्या गवगव्यात एक गोष्ट निसटते. ते गाणं म्हणजे सरळ गौळण आहे. यमुना आहे, कान्हा आहे, खेळाचं आवतण आहे; फक्त यमुनेच्या जागी पोहण्याचं पाणी आणि कान्ह्याच्या जागी घाम फुटलेला ब्रह्मचारी. तमाशाची गौळण शेंड्याबुडख्यासकट ओळखीची असलेल्या प्रेक्षकालाच यातली खरी गंमत कळणार होती, आणि १९३८ मध्ये तो प्रेक्षक थिएटरात भरून होता.

तेव्हा हलकेपणाचा मुद्दा बाजूला ठेवू. अत्र्यांना चाहते होतेच. पण ते नाटककार, संपादक, वक्ता, चित्रपटकार अत्र्यांचे; ‘झेंडूची फुलं’ हा त्या भल्या मोठ्या माणसाचा एक खिसा. नुसत्या केशवकुमारावर ते थांबले असते तर आज किती जणांनी नाव घेतलं असतं, याचा मला भरवसा नाही.

खरं कारण शोधायचं तर तमाशाच्या फडात जावं लागतं. गण झाला की गौळण. देवाला वंदन करून पाच मिनिटं होत नाहीत तोवर त्याच देवाचा खेळ मांडला जातो. पेंद्या येतो, लुगडं नेसलेला पुरुष ‘मावशी’ म्हणून येतो आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींच्या वाटेत तो गावच्या पाटलापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना ओढतो. मग बतावणी, मग वग. या सगळ्यात हसवण्याचं काम वाटून दिलेलं असतं. शाहीर रचणार, सोंगाड्या फोडणार, सुरत्ये झील धरणार, ढोलकीवाला नेमक्या जागी थाप मारून टोमण्याखाली रेघ ओढणार. टाळी पडते ती त्यावेळी पुढं उभ्या असलेल्या तोंडाला. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू बघा. दोघे जुळे भाऊ, ‘जहरी प्याला’ या वगातले हवालदार. जत्रेत त्यांच्या नावावर तंबू भरायचा. लोकांचं प्रेम त्या दोन सारख्या चेहऱ्यांवर आणि एकाचं वाक्य दुसऱ्यानं पुरं करण्याच्या लकबीवर होतं. वगातली कवनं कुणाची, हा प्रश्न तंबूत कुणाला पडत नव्हता.

शाहीर नाव लावत नव्हता असं नाही. पठ्ठे बापूरावांच्या लावणीत शेवटी त्यांचं नाव गुंफलेलं असायचंच. पण ती चाल त्यांची, शब्द त्यांचे. उसन्या चालीवरच्या थट्टेला आपलं नाव लावायचं म्हणजे एकीकडं मूळ चालवाल्याशी उभा दावा आणि दुसरीकडं ज्याची थट्टा केली त्याच्याशी. फडात विरून जाणं दोन्ही अर्थांनी सोयीचं.

दादा कोंडके हा या घडणीतला अपवाद, आणि तो अपवाद का ठरला हे बघण्यासारखं आहे. सेवादलाच्या कलापथकातून आलेला हा माणूस वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यानं १९६५ नंतर महाराष्ट्रभर पोचला. आशा भोसले यांनी प्रयोग पाहून भालजी पेंढारकरांना त्याचं नाव सुचवलं आणि भालजींच्या ‘तांबडी माती’त, १९६९ मध्ये, दादा पडद्यावर आले. दोन वर्षांनी ‘सोंगाड्या’ आला. पुढच्या सिनेमांत दादा स्वतः गाणी लिहू लागले, पडद्यावर ती स्वतःच साकारू लागले आणि पैसे तर ‘सोंगाड्या’पासूनच स्वतःचे घालत होते. फडातली वाटणी त्यांनी मोडली. रचणारा आणि फोडणारा एकाच नाडीच्या चड्डीत आला. म्हणून दादांचे चाहते झाले, आणि असे झाले की सेन्सॉरशी त्यांची भांडणंही लोकांनी आपलीच मानली. यांकोविकचंही इंगित हेच आहे. तो लिहितो, गातो आणि व्हिडिओत सोंगही स्वतःच घेतो. चाहत्याला धरायला एक चेहरा लागतो. आपल्याकडं गाण्याला चेहरे दहा, आणि रचणाऱ्याचा त्यात नेमका नसतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील हे दुसऱ्या टोकाचं उदाहरण. ‘लवंगी मिरची कोल्हापूरची’, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ ही वगनाट्यं त्यांची. या मातीतला तिरकस बोल त्यांच्याइतका नेमका थोड्यांनीच कागदावर आणला असेल. वाचकांनी त्यांना कथाकार म्हणून डोक्यावर घेतलं. वगनाट्याचं श्रेय मात्र प्रयोगागणिक नटांकडं गेलं. रंगमंचाचा तो न्यायच आहे, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही.

सगळ्यात निनावी, आणि माझ्या मते सगळ्यात धारदार, विडंबन बायकांचं. गौरी जागवायच्या रात्री कोल्हापूरच्या पेठांतून आणि आसपासच्या खेड्यांतून झिम्मा-फुगडीचे फेर धरले जातात. ओवीच्या, आरतीच्या, सिनेमाच्या, कसल्याही चालीवर सासू, नणंद, दीर, बँकेचा साहेब आणि गॅस सिलिंडर यांचा समाचार घेतला जातो. लग्नात विहिणीला खेचायची गाणी वेगळीच. उखाणा हा तसा नवऱ्याचं नाव आदरानं घ्यायचा प्रकार, त्यात

रंकाळ्याच्या काठावर भेळ घेतली ओली,
… रावांनी बिल बघून मान खाली केली

अशा धर्तीचं काहीतरी एखादी थोरली जाऊ ठेवून देते आणि फेर हसून कोसळतो. रिकाम्या जागी कुठलेही राव बसतात, म्हणून ते कुणाच्याच मालकीचं नसतं आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीत पोचतं. इथं चाहते आणि कलाकार वेगळे नाहीतच. याला दाद कुणी देत नाही असं कुणी म्हटलं तर त्यानं एकदा त्या फेराच्या बाहेर उभं राहून ऐकावं.

दुसरं कारण आयुष्याचं आहे. एका गाण्यावर बेतलेलं विडंबन त्या गाण्याबरोबर मरतं. मूळ विसरलं की नकलेला पाय उरत नाही. म्हणून नव्वद सालच्या कॅसेटींतली चालू गाण्यांची विडंबनं आज ऐकवली तर तरुण पोरं कोऱ्या चेहऱ्यानं बघतात. टिकतं ते दोन प्रकारचं. एक, जे एका कवितेऐवजी अख्ख्या रीतीची नक्कल करतं. ‘झेंडूची फुलं’मधला ‘प्रेमाचा गुलकंद’ आजही स्नेहसंमेलनात हशा घेतो, कारण फुलं देत देत झुरणारा प्रियकर ही रीत संपलेली नाही. दुसरं, जे न मरणाऱ्या मुळावर चढतं. मंगेश पाडगावकरांनी ‘दासबोधा’ची ओवी घेऊन ‘उदासबोध’ लिहिला. दासबोध घरात असेतोवर त्याला मरण नाही. यांकोविकच्या गाण्यांतही एका विशिष्ट गाण्यावर न बेतलेली, एखाद्या बँडची सगळी ढब उचलणारी गाणी आहेत, आणि त्याचे कट्टर चाहते त्यांच्यावरच जास्त वाद घालतात. मराठीत या प्रकाराला गायक मिळाले, पण एकाच माणसानं आयुष्यभर तेच केलं असं झालं नाही.

कायद्याचंही थोडं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ टीका आणि समीक्षेला मोकळीक देतं. विडंबनाचं नाव तिथं नाही. दुसऱ्याचं गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित करायचा वैधानिक परवाना देणारी तरतूद आहे, पण तिच्यात शब्द-सुरांत फेरफार करायला मनाई आहे, आणि विडंबन म्हणजे फेरफारच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये विडंबनाला बरंच अभय दिलं. तरी यांकोविक मूळ कलाकाराची परवानगी मागतोच, आणि काहींनी ती नाकारलीही. आपल्याकडं परवानगी मागायला कुणी जात नाही, हरकत घ्यायलाही सहसा कुणी येत नाही, पण यूट्यूबवर गाणं चढवलं की उत्पन्न मूळ संगीत कंपनीच्या खात्यात वळू शकतं. गल्लीत चालणाऱ्या धंद्याला हे चालतं. त्यावर जन्म काढू म्हणणाऱ्याला नाही.

भीती मात्र कायद्याहून मोठी आहे. जुलै २०१७ मध्ये मुंबईच्या रेड एफएमवर निवेदिका मलिष्का हिनं त्या वर्षी गाजत असलेल्या ‘सोनू’च्या चालीवर महापालिकेच्या खड्ड्यांवर गाणं केलं. पंधरवड्यात महाराष्ट्रभर गावागावांचे ‘सोनू’ निघाले. शिवसेनेच्या नगरसेवकांनी पाचशे कोटींचा बदनामीचा दावा लावा अशी मागणी केली, आणि तिच्या घरी डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्याची महापालिकेची नोटीस आली. मार्च २०२५ मध्ये विनोदवीर कुणाल कामरा यानं १९९७ च्या ‘दिल तो पागल है’मधल्या चालीवर एकनाथ शिंदे यांना उद्देशून हिंदी विडंबन गायलं. ते नाव न घेता होतं, तरी खारच्या ‘हॅबिटॅट’ स्टुडिओची तोडफोड झाली, गुन्हे दाखल झाले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. दोन्ही वेळी गाणाऱ्याचं नाव रातोरात घरोघरी गेलं. नाव झालं की नोटीस येते, हे फडातल्या माणसाला पूर्वीपासून ठाऊक होतं.

म्हणून कोल्हापुरात टोमणा नेहमी समूहाच्या तोंडून येतो. तालमीचा, मंडळाचा, गटाचा. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला दोन पेठांचे संघ भिडले की गॅलरीतून हलगीच्या ठेक्यावर जे काही प्रतिस्पर्ध्याला ऐकवलं जातं, त्याचा कवी शोधायला पोलिसांनाही जमणार नाही. २०१९ च्या लोकसभेला सतेज पाटील यांच्या गटाकडून ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा आली, त्या गटाची साथ लाभलेले संजय मंडलिक निवडून आले, आणि ती घोषणा २०२१ च्या गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीपर्यंत पुरली. ती गाण्यात, स्टेटसवर, विरोधकांच्या टिंगलीतही फिरली. पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आली याची कुणाला पडली नव्हती.

टीव्हीनं हेच जरा मोठ्या पटावर केलं. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ ते २०२४ चाललं. सिनेमांची, मालिकांची, गाण्यांची त्यानं केलेली विडंबनं पाहून घराघरांत भाऊ कदम आणि कुशल बद्रिके नातेवाईक झाले. त्यांतल्या गाण्यांचे शब्द रचणारे मात्र पडद्यावर वेगानं सरकणाऱ्या श्रेयनामावलीत राहिले. फडाचीच वाटणी, फक्त तंबूच्या जागी सेट.

वाटणी पुन्हा मोडताना दिसली ती २०२० मध्ये. छत्रपती संभाजीनगरच्या यशराज मुखाटे या तरुणानं हिंदी मालिकेतल्या सासूच्या रागावलेल्या संवादाला ताल-सूर चढवून ‘रसोडे में कौन था’ केलं आणि टाळेबंदीत अडकलेल्या देशाला ते पाठ झालं. संवाद दुसऱ्याचे, चेहरे दुसऱ्यांचे, पण कोपऱ्यात कीबोर्डवर बसलेला तो स्वतः दिसत होता, आणि नाव त्याचं झालं. त्याच्या पुढच्या प्रत्येक तुकड्याची लोक वाट पाहू लागले. दुसऱ्याच्या मालावर आपली कारागिरी करणाऱ्याला एवढे चाहते मिळणं हे आपल्याकडं नवीन आहे.

कोल्हापुरी बोलीतली रील करणारी पोरंही आता स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभी राहतात, स्वतःच लिहितात, चालू गाण्यावर गावच्या पाण्याची आणि लग्नाच्या जेवणावळीची खेचतात. पण त्यांच्या गाण्याचा आवाज दुसऱ्यानं उचलून आपल्या खात्यावर नव्यानं चढवला की त्याखाली ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून चढवणाऱ्याचं नाव येतं. हजारभर रील त्या नावावर फिरतात, रचणारा कुठंतरी कॉमेंटमध्ये ‘हे माझं आहे भावा’ असं लिहीत बसतो, आणि त्याखाली हसण्याच्या इमोजींची रांग लागते.